विमा नसलेली गाडी सोडवताना : १८४१ ची रेल्वे, २०१८ चा निकाल आणि आमच्या काचेवरचा मुद्देमाल नंबर

ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं किंवा हेडफोन घरी विसरलेत, अशांसाठी हा या भागाचा मजकूर. बोलताना मी जिथे अडखळलो ते काढून टाकलंय आणि सनावळ्या पुन्हा तपासून घेतल्यात. बाकी बोललो तसंच आहे.

एरवी आपण किल्ले, बंदरं, जुनी शहरं यांबद्दल बोलतो. आजची गोष्ट एका गाडीपासून सुरू होते. ती गाडी माझी होती, आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये ती एका पोलीस ठाण्याच्या मागच्या मोकळ्या जागेत उभी होती. पुढच्या काचेवर पांढऱ्या रंगाने मुद्देमालाचा नंबर टाकलेला. शेजारी एक जळालेला टेम्पो आणि वेलींनी झाकून गेलेली एक जीप. ती जीप तिथे कधीपासून आहे, हे ठाण्यातल्या कुणालाच सांगता येत नव्हतं.

झालं असं होतं. मी सॉफ्टवेअरवाला, तेव्हा घरूनच काम चालू होतं, म्हणून सांगली जिल्ह्यातल्या आमच्या गावी होतो. गाडी २०२० मध्ये ऑफिसातल्या एका मित्राकडून घेतलेली, जुनीच. संध्याकाळी बाबा बाजारातून येत होते. वळणावर समोरून सायकलवर दुधाचे कॅन लावलेले एक गृहस्थ आले. बाबांना ते उशिरा दिसले. गाडी घासली, सायकल पडली, त्यांच्या डाव्या पायाचं हाड दोन ठिकाणी मोडलं. बाबांनीच त्यांना दवाखान्यात नेलं आणि तिथून मला फोन केला.

ठाण्यात हवालदारसाहेबांनी कागदपत्रं मागितली. लायसन होतं, आरसी माझ्या नावावर होती. विम्याची पीडीएफ मी मोबाईलवर उघडली आणि तिथेच गार पडलो. मुदत डिसेंबर २०२१ ला संपली होती. अपघात फेब्रुवारीतला.

आता चूक कुणाची, तर माझीच. विमा कंपनीचे मेसेज जुन्या मालकाच्या नंबरवर जात होते. त्याने बिचाऱ्याने नोव्हेंबरमध्येच मला स्क्रीनशॉट पाठवला होता. मी त्यावर अंगठा पाठवला आणि विसरून गेलो. ऑफिसात सर्व्हरचं सर्टिफिकेट संपायच्या महिनाभर आधी रिमाइंडर यावा, म्हणून मी स्वतः कोड लिहिलेला आहे. गाडीसाठी एक अलार्मसुद्धा लावला नव्हता.

गुन्हा दाखल झाला, पंचनामा झाला, गाडी आत गेली. गाडी परत मिळायला एक्केचाळीस दिवस लागले. त्या दिवसांत मला एकच प्रश्न छळत होता. दंड घ्या, केस करा, पण गाडी कशाला अडवून ठेवता? याचं उत्तर शोधत गेलो आणि थेट मध्ययुगीन इंग्लंडमध्ये पोचलो.

मारणारी वस्तू राजाची

इंग्लंडच्या जुन्या कायद्यात 'डिओडँड' नावाचा एक प्रकार होता. लॅटिनमधून आलेला शब्द, अर्थ 'देवाला द्यायचं ते'. एखाद्या वस्तूमुळे किंवा जनावरामुळे माणूस मेला, तर ती वस्तू जप्त. गाडीचं चाक असो, बैल असो, विहिरीवरची बादली असो. मृत्यूची चौकशी करणारे पंच त्या वस्तूची किंमत ठरवायचे आणि मालकाने तेवढी रक्कम राजाकडे भरायची. कल्पना अशी की राजा ते पैसे धर्मकार्याला लावेल. मेलेल्या माणसाच्या बायकापोरांचा त्यावर हक्क नव्हता. कधी दयेपोटी त्यांना काही दिलं जायचं, पण मागायची सोय नव्हती.

शतकानुशतकं हे चाललं, कारण जप्त होणाऱ्या वस्तू लहान होत्या. मग रेल्वे आली.

२४ डिसेंबर १८४१. नाताळचा आदला दिवस. लंडनच्या पॅडिंग्टनहून निघालेली ग्रेट वेस्टर्न कंपनीची एक गाडी पहाटे रेडिंगजवळच्या सॉनिंग इथल्या खोदलेल्या कड्यांमधून जात होती. पावसाने दरड कोसळून रुळांवर आली होती. इंजिन त्यात घुसलं. इंजिनामागे तिसऱ्या वर्गाचे उघडे डबे होते, त्यांच्या बाजू अगदी कमी उंचीच्या. त्या डब्यांमागे मालाच्या वाघिणी. मागचा सगळा भार पुढे आला. सणासाठी घरी निघालेले बांधकाम मजूर त्या उघड्या डब्यांत होते. आठ जण जागच्या जागी गेले, एक नंतर.

पंचांनी इंजिन आणि डब्यांवर हजार पाउंडांचा डिओडँड लावला. बैलासाठी बनलेला कायदा आता आगगाडीच्या इंजिनावर बसला, आणि रेल्वे कंपन्या हादरल्या. कारण अपघात वाढत होते आणि संतापलेले पंच मोठमोठ्या रकमा लावू लागले होते. दुसरीकडे, मेलेल्या मजुरांच्या घरच्यांना कायद्याने काहीच मिळत नव्हतं. माणूस मेला की त्याच्या मृत्यूबद्दल नुकसानभरपाई मागता येत नाही, असा तेव्हाचा इंग्लिश कायदा होता. पाय मोडला तर दावा लावता यायचा, जीव गेला तर नाही.

लॉर्ड कॅम्पबेल नावाच्या कायदेपंडिताने १८४६ मध्ये दोन कायदे जोडीने पुढे रेटले. एकाने डिओडँड रद्द केला. दुसऱ्याने मृताच्या जवळच्या नातेवाइकांना भरपाईचा हक्क दिला. वस्तू सोडून द्या, त्याऐवजी चूक ज्याची त्याने कुटुंबाला पैसे द्यावेत, असा तो व्यवहार.

नऊ वर्षांनी हाच दुसरा कायदा आपल्याकडे आला. १८५५ चा कायदा क्रमांक १३, प्राणघातक अपघात अधिनियम. मुंबई-ठाणे रेल्वे सुरू होऊन तेव्हा दोनच वर्षं झाली होती.

दावा जिंकला, पैसे कुठे आहेत?

या व्यवहारात एक मोठं भोक होतं. रेल्वे कंपनीकडे पैसा असतो. पण धडक देणारा साधा माणूस असेल आणि त्याच्या खिशात काही नसेल तर? कोर्टाने हजार रुपये द्या म्हटलं, तरी आणणार कुठून?

मोटारी आल्या आणि हे भोक उघडं पडलं. १७ ऑगस्ट १८९६ ला लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आवारात ब्रिजेट ड्रिस्कॉल ही ४४ वर्षांची बाई मोटारीखाली सापडून गेली. ब्रिटनमध्ये मोटारीच्या धडकेत पादचारी मरण्याची ही पहिली नोंद मानतात. निकाल अपघाती मृत्यू असा लागला, कुणाला शिक्षा झाली नाही. पुढच्या तीस वर्षांत मोटारी लाखांनी वाढल्या. पहिल्या महायुद्धानंतर साधे नोकरदारसुद्धा गाडी घेऊ लागले. त्यांच्याकडे गाडी असायची, पण कुणाचा पाय मोडला तर भरायला पैसे नसायचे.

म्हणून ब्रिटनने १९३० च्या रोड ट्रॅफिक कायद्यात विमा सक्तीचा केला आणि १ जानेवारी १९३१ पासून तो लागू झाला. आता हा विमा कुणाचा, ते नीट बघा. तुमच्या बंपरचा नव्हे, तुम्ही ज्याला धडकाल त्याचा. म्हणून त्याला थर्ड पार्टी म्हणतात. पहिली पार्टी तुम्ही, दुसरी विमा कंपनी आणि तिसरा तो रस्त्यावरचा माणूस, ज्याने तुमच्या करारावर सही केलेली नाही, ज्याला तुमचं नावही माहीत नाही. कागद तुमच्या डिकीत असतो, पण हक्क त्याचा असतो.

खरं सांगतो, मी बीटेक झालो, नोकरीला लागलो, गाडी घेतली, तरी हे मला कळलेलं नव्हतं. मला वाटायचं, थर्ड पार्टी म्हणजे स्वस्तातला, कामचलाऊ विमा.

१ जुलै १९४६

भारतात १९१४ च्या मोटार कायद्याने नोंदणी आणि लायसन आणलं. विमा त्यात नव्हता. १९३९ मध्ये नवा मोटार वाहन कायदा झाला आणि त्याच्या आठव्या प्रकरणात सक्तीचा विमा आला, जवळजवळ ब्रिटिश कायद्याच्या साच्यातला. पण ते प्रकरण लगेच लागू झालंच नाही. ते प्रत्यक्षात अमलात आलं १ जुलै १९४६ ला. कायदा होऊन सात वर्षांनी, स्वातंत्र्याच्या वर्षभर आधी.

त्याच १९४६ साली ब्रिटन पुढची पायरी चढत होता. धडक देणाऱ्याने विमा काढलाच नसेल तर जखमीने काय करायचं? त्यासाठी तिथल्या विमा कंपन्यांनी सरकारशी करार करून एक सामाईक संस्था काढली, मोटर इन्शुरर्स ब्युरो. विमा नसलेल्या गाडीने मारलं तरी भरपाई ती संस्था देणार. म्हणजे सगळे विमाधारक मिळून न भरणाऱ्यांचा बोजा उचलणार. पुढे २००५ मध्ये तिथे पोलिसांना विमा नसलेली गाडी रस्त्यावरच ताब्यात घ्यायचा अधिकारही मिळाला, अपघात झालेला नसला तरी.

आपण कायदा घेतला, पण ही दुसरी पायरी घेतली नाही. विमा नसेल तर जखमी आणि मालक समोरासमोर. १९८८ चा सध्याचा कायदा १ जुलै १९८९ पासून लागू झाला. त्यात कलम १४६ म्हणतं, विम्याशिवाय गाडी रस्त्यावर आणू नका. कलम १९६ शिक्षा सांगतं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या वेळी २,००० रुपये दंड, पुन्हा सापडलात तर ४,०००, किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही.

हा दंड सरकारकडे जातो. जुन्या डिओडँडसारखाच. सायकलवाल्याला त्यातलं काही मिळत नाही.

गंमत म्हणजे, नाक्यावर पोलीस ज्या कलमाखाली गाडी अडकवून ठेवतात, त्या कलम २०७ च्या यादीत लायसन आहे, नोंदणी आहे, परमिट आहे, पण विमा नाही. म्हणून नुसता विमा संपलेला असेल तर बहुतेक वेळा चलन होतं आणि आपण पुढे जातो. खरी अडचण अपघात झाल्यावर सुरू होते.

गंजणाऱ्या गाड्या

आता पुन्हा ठाण्याच्या मागच्या त्या मोकळ्या जागेत येऊ.

अपघातातली गाडी पुरावा असते. पोलीस ती ताब्यात घेतात, आरटीओचे मोटार वाहन निरीक्षक येऊन ब्रेक, स्टिअरिंग, टायर तपासतात. कायद्याचं कलम १३६ तर म्हणतं की हे सोपस्कार झाल्यावर २४ तासांत गाडी परत द्या. प्रत्यक्षात वेलींनी झाकलेल्या जीपा आपण सगळ्यांनीच बघितल्यात.

या जीपांसाठीचा महत्त्वाचा निकाल एका वेगळ्याच भानगडीतून आला. गुजरातमधल्या काही पोलिसांवर आरोप होता की ठाण्यात जमा असलेला मुद्देमाल त्यांनीच लांबवला, खऱ्या दागिन्यांच्या जागी खोटे ठेवले. सुंदरभाई अंबालाल देसाई विरुद्ध गुजरात राज्य. ऑक्टोबर २००२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यात मुद्देमालाबद्दलच सूचना दिल्या. गाड्यांपुरता सारांश असा : जप्त गाड्या ठाण्यात वर्षानुवर्षं ठेवण्यात काहीच अर्थ नाही. फोटो काढा, सविस्तर पंचनामा करा, मालकाकडून बंधपत्र आणि तारण घ्या आणि गाडी सोडा. कुणी न्यायलाच आलं नाही, तर लिलाव करा.

आमचे वकील हेच घेऊन उभे राहिले. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ४५७ खाली अर्ज. (आता १ जुलै २०२४ पासून नवी संहिता आलीय, तिच्यात हेच कलम ५०३ झालंय.) मला वाटलं, संपलं, आठवड्यात गाडी घरी.

न्यायाधीशांनी तपासी अंमलदार आणि सरकारी वकील यांचं म्हणणं मागवलं. म्हणणं एका ओळीचं होतं : वाहनाचा विमा नाही. आणि मग सरकारी वकिलांनी दुसऱ्या एका निकालाचं नाव घेतलं.

सप्टेंबर २०१८

उषादेवी विरुद्ध पवनकुमार. सर्वोच्च न्यायालय, १३ सप्टेंबर २०१८.

या निकालामागे दिल्लीतला एक नियम आहे. दिल्लीने २००८ मध्ये मोटार अपघात दाव्यांसाठी नियम केले, त्यातला हा. सर्वोच्च न्यायालयाने सगळ्या राज्यांना सांगितलं की असाच नियम तुम्हीही करा. अपघातात कुणी मेलं, जखमी झालं किंवा मालमत्तेचं नुकसान झालं, आणि गाडीला थर्ड पार्टी विमा नसेल किंवा मागूनही मालक कागद दाखवत नसेल, तर भरपाईपुरतं तारण दिल्याशिवाय कोर्टाने गाडी सोडायची नाही. तीन महिन्यांत तारण आलं नाही, तर गाडीचा जाहीर लिलाव. आणि लिलावाचे पैसे पंधरा दिवसांत मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात जमा करायचे, म्हणजे जखमीच्या भरपाईसाठी.

हे वाचलं तेव्हा मला १८४६ आठवलं. लॉर्ड कॅम्पबेलच्या वेळी ठरलं होतं की वस्तू सोडा आणि माणसाकडून भरपाई घ्या. दीडशे-पावणेदोनशे वर्षांनी आपण वस्तू पुन्हा धरून ठेवली. पण एक फरक केला. डिओडँडचे पैसे राजाकडे जायचे, या गाडीचे पैसे जखमीकडे जातात. विमा नसलेल्या मालकाकडे दाखवण्यासारखी मालमत्ता कित्येकदा ती गाडीच असते. ती एकदा घरी गेली, विकली गेली, की दूधवाल्याने पुढे कोर्ट जिंकून उपयोग काय?

म्हणजे २००२ चा निकाल म्हणतो गाडी सोडा, ती सडते आहे. २०१८ चा म्हणतो सोडू नका, सोडलीत तर जखमीच्या हातात काही उरणार नाही. मला वाटलं होतं की दोन्हींत भांडण आहे. वकिलांनी समजावलं तसं भांडण नाही. दोन्ही निकाल तारण मागतात. २००२ मध्ये तारण घ्यायचं ते पुरावा परत मिळावा म्हणून आणि २०१८ मध्ये घ्यायचं ते माणसाला पैसे मिळावेत म्हणून.

आणखी एक योगायोग. त्याच २०१८ सालच्या जुलैमध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने ठरलं की नवीन मोटारींना तीन वर्षांचा आणि दुचाकींना पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा घेतल्याशिवाय विकायचं नाही. १ सप्टेंबर २०१८ पासून ते सुरू झालं. का? तर लोक दुसऱ्या वर्षी विमा भरतच नव्हते. माझ्या गाडीची पहिली नोंदणी डिसेंबर २०१८ ची. तीन वर्षं तिला कुणी काही विचारलं नाही, कारण विमा आधीच भरलेला. तीन वर्षं संपली तेव्हा ती माझ्या हातात होती.

कोर्टाच्या व्हरांड्यात

कोर्टाबाहेरच्या चहाच्या टपरीवर एक गृहस्थ भेटले. म्हणाले, "मागच्या तारखेची पॉलिसी करून देतो, काळजी करू नका." खोटं कशाला बोलू, मी दोन मिनिटं विचार केला. बाबांचा चेहरा डोळ्यांपुढे होता. त्या माणसाने कधी चलन भरलेलं नाही आणि आता आरोपी म्हणून उभा आहे. वकिलांना विचारलं तर ते एवढंच म्हणाले, "आत्ता दंडावर निभावतंय. ते केलंस तर बनावट दस्तऐवजाचा गुन्हा, आणि तो तुझ्यावर." विषय संपला.

त्याच दिवशी व्हरांड्यात दूधवाल्यांच्या घरच्या बाई आल्या होत्या. जाबजबाबाच्या कामाला. मला ओळखत नव्हत्या, बाबांना ओळखत होत्या. बाबा त्यांना म्हणाले, "वहिनी, हा माझा थोरला." त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या, "गाडी सोडवून न्याल ओ दादा. मग आमचं काय?"

आवाज चढला नव्हता. रागही दिसत नव्हता. त्यांना खरंच विचारायचं होतं. घरातला माणूस तीन महिने पाय टेकवणार नव्हता, म्हशी होत्या, पण घरोघर दूध पोचवणारं कुणी नव्हतं. मी आत न्यायाधीशांसमोर 'गाडी पावसाउन्हात खराब होतेय' असा अर्ज करून आलो होतो.

मी त्यांना काय उत्तर दिलं ते आठवत नाही. बहुतेक 'बघू' असं काहीतरी पुटपुटलो असेन. पण ज्या नियमावर मी चिडलो होतो, तो या एका प्रश्नाचं उत्तर म्हणूनच लिहिलेला आहे, हे तेव्हा कळलं.

न्यायाधीशांनी तीन लाखांचं तारण मागितलं. जमीनदार जामीन आणि ऐपतीचा दाखला देता आला असता, पण त्यात वेळ गेला असता. मी एफडी केली आणि बँकेने तिच्यावर कोर्टाचा बोजा नोंदवला. त्याशिवाय सुपुर्दनामा : गाडी विकणार नाही, रंगरूप बदलणार नाही, बोलवाल तेव्हा हजर करू. आणि नवी विमा पॉलिसी, कारण विम्याशिवाय गाडी ठाण्याच्या फाटकाबाहेर काढणं हा पुन्हा नवा गुन्हा. नव्या पॉलिसीचा मागच्या अपघाताशी काही संबंध नसतो. ती काढल्या क्षणापासून पुढे चालते.

एक्केचाळिसाव्या दिवशी गाडी मिळाली. बॅटरी उतरलेली, एका चाकात हवा नाही, उंदरांनी वायरी कुरतडलेल्या. हवालदारसाहेबांनी रजिस्टरवर सही घेतली आणि म्हणाले, "नशीबवान आहेस. ती जीप बघ."

हिशेब

न्यायाधिकरणातला दावा २०२४ मध्ये लोकअदालतीत मिटला, चार लाख साठ हजारांवर. एफडी व्याजासकट गेली, उरलेले मी घातले. नसते दिले तर? न्यायाधिकरण कलेक्टरकडे वसुलीचं प्रमाणपत्र पाठवू शकतं, आणि ती रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल होते. म्हणजे बाबांच्या चुकीची आणि माझ्या आळसाची नोंद घराच्या नाहीतर जमिनीच्या कागदावर. त्या वेळी हजार सीसीखालच्या गाडीचा वर्षाचा थर्ड पार्टी हप्ता होता २,०७२ रुपये, वर जीएसटी.

दूधवाले काका आता पुन्हा दूध घालतात, पण सायकलवरून नाही. मोपेड घेतलीय. बाबा त्या वळणावर अजूनही गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकतात.

ज्यांच्यावर अशी वेळ आलीय त्यांच्यासाठी थोडक्यात. नुसतं चलन झालं असेल तर दंड भरा आणि त्याच दिवशी पॉलिसी काढा. अपघात असेल तर आधी जखमीला दवाखान्यात न्या, पोलिसांना स्वतः कळवा. आरटीओ तपासणी झाली का, ते तपासी अंमलदारांना विचारत राहा. आरसी, लायसन, ओळखपत्र घेऊन ज्या प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे गुन्हा आहे तिथे गाडी परत मिळण्याचा अर्ज करा. तारणाची तयारी पहिल्या दिवसापासून ठेवा, कारण तीन महिन्यांचा काटा गाडी ताब्यात घेतल्यापासून फिरतो. आणि टपरीवरच्या गृहस्थांपासून लांब राहा.

बाकीच्यांनी आत्ता एवढंच करा. हा मजकूर ज्या मोबाईलवर वाचताय, त्याच्यावर एमपरिवहन ॲप उघडा, गाडीचा नंबर टाका आणि विम्याची तारीख बघा. गाडी सेकंडहँड असेल तर नक्कीच बघा. २०१८-१९ मध्ये घेतलेली असेल तर तीन वर्षांची किंवा पाच वर्षांची ती पहिली पॉलिसी कधीच संपलीय. तारीख बघून झाली की कॅलेंडरमध्ये टाका. आईबाबांच्या गाडीचीही.

पुढच्या भागात पुन्हा किल्ल्यांकडे जाऊ. तोपर्यंत गाडी सावकाश चालवा. भेटू.